तिसरी चटई

चोआ चू कांग, सिंगापूर

प्रिय आईस,

रत्नदीपचा मनापासून जयभीम. नंदा आणि मी मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

लढाई तिकडे आली तर, असं तू फोनवर विचारलंस. अगं, हा देश कोणाच्याच गोटात नाही, तेव्हा काळजी नको. शिवाय आमच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला बॉम्बपासून बचावाची, लोखंडी दाराची छोटी खोली आहे. सगळे तिच्यात अडगळ भरतात.

माझे तिखट कान तुला ठाऊकच आहेत. रविवारी दुपारी वरच्या घरात खोकी सरकवल्याचा आवाज आला. मग खालच्या घरात, मग शेजारी. लिफ्टमध्ये मात्र सगळे उकाड्याबद्दलच बोलले.

शेजारच्या टॅन अंकलना मी हसत विचारलं, "काय, साफसफाई?"

"आपली सगळ्यांशी दोस्ती, लाह," ते इथल्या लकबीत म्हणाले. "पण आपल्यासाठी लढायचं वचन कोणी दिलंय?"

संध्याकाळी आम्हीही खोली रिकामी केली. आत बसून दार लावलं, तर मला काहीच ऐकू येईना. दोन चटया अंथरल्या. तिसरी मावली नाही.

तुझं इकडे यायचं तिकीट जरा पुढे ढकललंय. इथे उकाडा फार आहे, एवढंच.

तुझाच,
रत्नदीप