घरात तिघे

हातो मायोरजवळून,
२७ डिसेंबर १९२०

लाडके ओबदुलिया,

बापाचा आशीर्वाद घे. गाय व्यायली, कालवड झाली. आईने कसावाची भाकरी बांधून दिली आहे. टपालात पत्रं फोडतात, म्हणून हे गुरांच्या व्यापाऱ्याच्या हाती धाडतो. वाचून चुलीत घाल.

गोऱ्या शिपायांचं राज्य आल्यापासून माणसं मोजायची तेवढी राहिली होती, नाताळच्या आदल्या दिवशी तेही झालं. मोजणारा येईतो उंबरा सोडायचा नाही, असा हुकूम. डुकरं निखाऱ्यावर नि माणसं दारात! शेजारच्या तोमासाकाकूला वय विचारलं तर म्हणते, “बघून लिही, पण चष्मा काढून बघ.”

आपल्याकडे शाळेचे मास्तर आले, सोबत एक शिपाई.

“घरात किती?”

“तिघे,” मी म्हणालो. “मी, बायको आणि मुलगा सिल्वेरियो. त्याचं वय बावीस. लिहितावाचता येतं.”

“कुठाय तो?”

“परसाकडे,” तुझी आई म्हणाली. “पोट धरून बसलाय मेला.”

मास्तरांनी ते शिपायाला सांगितलं. तो हसला. हसता हसता त्याची नजर आरशावर गेली. आरसा भिंतीकडे तोंड करून होता. तुझ्या आईने फिरवला होता, आणि सुलटा करायचं मला सुचलं नव्हतं. शिपायाला काय कळणार? मास्तरांना कळलं. ते उठले, आरसा सरळ केला, खिशातून फणी काढून भांग पाडला. “वाऱ्याने पार झिंज्या झाल्या हो,” म्हणाले. मग बसून तीन माणसं लिहिली.

दर पत्रात तू भावाची खुशाली विचारतेस, पोरी. डोंगरात गोळीबार झाला, त्यात तो गेला. कोकोच्या झाडांखाली मी त्याला ठेवला. पलीकडच्या वाडीत ज्या घरी सुतक दिसलं, ते बंडखोराचं म्हणून शिपायांनी जाळलं. म्हणून इथे ना वेदी, ना प्रार्थना; सुतकाचा म्हणून तुझ्या आईने तेवढा आरसा फिरवला होता. आम्ही जेवतो, गाय पिळतो. मला काही वाटतच नाही, हे तुला कसं सांगू.

तू तिथे त्याच्यासाठी नऊ संध्याकाळ प्रार्थना कर. घरात वेदी मांड, पांढरं कापड अंथर, मेणबत्ती लाव. कुणी विचारलं तर दूरचा मामा गेला म्हण, नाव मनात घे. प्रार्थनेवाचून तो वाटेतच अडकून राहील गं.

नवव्या दिवशी वेदी उचलताना मात्र मोठ्याने रड. तुझ्या आईला इथे रडता आलेलं नाही.

तुझा बाप,
एउसेबियो