हेक्टरिनाचा झेंडा आणि टॉर्किलचं पातं

मी, हेक्टरिना मॅकआयव्हर, माहेरची मॅकॉले, वय वर्षे शहात्तर, धंदा ट्वीडचे कापड विणणे, राहणार घर क्रमांक चौदा, ब्रेनाबोस्ट, लुइस बेट, स्कॉटलंड, आज बुधवार दिनांक १७ सप्टेंबर २०१४ रोजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणीही दडपण आणलेले नाही, आणि आणायला गेलेल्यांना आजवर ते जमलेलेही नाही. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. पण अक्षर हलते आहे ते झडपेमुळे नव्हे. उद्या मतदान आहे! स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावे का, एवढा एकच प्रश्न, आणि तो मला विचारणार आहेत. मला, हेक्टरिनाला!

ग्लासगोच्या इस्पितळाने शस्त्रक्रियेला आधी अठराच तारीख दिली होती. मी फोनवर म्हटलं, "अहो, त्या दिवशी मला देश करायचाय." पलीकडची मुलगी म्हणाली, "आजी, मत टपालानंही देता येतं की." मी म्हटलं, "तू लग्न टपालानं करशील का गं?" ती इतकी हसली की बावीस तारीख मिळाली. तेव्हा परवा विमानाने जाणे आहे, आणि जाण्यापूर्वी हे लिहिणे भाग आहे.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी एप्रिलमध्ये संतापाच्या भरात लिहिले होते आणि त्यात घर फक्त 'हो' असे मत देणाऱ्या वारसाला मिळेल अशी अट होती. शेजारीण पेगीने ते वाचून विचारलं, "मग वारसानं मतपेटी उचलून दाखवायला आणायची का?" पेगी स्वतः 'हो'वाली आहे, म्हणून ऐकून घेतलं.

कलम २. राहते घर, त्यामागचा शेतीचा पट्टा आणि सतरा मेंढ्या माझ्या दिवंगत नवऱ्याची, रॉडीची पुतणी मर्डिना हिला द्याव्यात. मर्डिनाचे मत अजून ठरलेले नाही. गेल्या आठवड्यात 'हो'वाल्यांकडे चहा प्यायली, दुसऱ्या दिवशी 'नको'वाल्यांकडे केक खाल्ला. मी ओरडले, "अगं, मत द्यायचंय की वजन वाढवायचंय?" तर म्हणते, "काकू, दोघांचंही पटतं हो मला." घर तरीही तिलाच. मात्र मेंढ्यांच्या पाठीवर मी निळ्या रंगात 'हो' लिहिले आहे, ते पुढच्या कातरणीपर्यंत पुसू नये.

कलम ३. शेडमधला पायमाग ज्याला विणायला शिकायचे असेल त्याला द्यावा. दिवाणखान्यात शोभेला ठेवणाऱ्याला देऊ नये. उजवे पायडल अडते, तिथे मेंढीची चरबी लावावी.

कलम ४. बँकेतल्या पैशातून माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल ते गावच्या हॉलच्या छपराला द्यावे. या वर्षी त्या हॉलमध्ये नऊ सभा झाल्या. एरवी हवामानावर दोन वाक्यं बोलून घरी जाणारी माणसं तेल, पेन्शन, पाणबुड्या आणि राणी यांवर तावातावाने भांडत होती. ब्याऐंशी वर्षांचा मच्छीमार हातात कागद घेऊन उभा राहून बोलला! असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि सगळा वेळ छप्पर गळत होतं, 'हो'वाल्यांच्या डोक्यावरही आणि 'नको'वाल्यांच्याही.

पेगीची निळी काचेची तसराळी माझ्या कपाटात आहे, ती तिला परत करावी. ही भेट नव्हे, वस्तू तिचीच आहे. हे मुद्दाम लिहायला तिनेच लावलं, कारण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असं ती म्हणते.

कलम ५. पीट कापायचे लोखंडी पाते, लाकडी दांड्यासह, माझा सख्खा भाऊ टॉर्किल मॅकॉले, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार घर क्रमांक पंधरा, यास द्यावे.

हे कलम जरा लांबणार आहे. पातं आमच्या वडिलांचं. माळावरची ओली काळी माती त्यानं विटेसारखी कापायची, उन्हाळाभर वाळवायची, मग हिवाळाभर चुलीत घालायची. एकानं वर उभं राहून पाय देऊन कापायचं आणि दुसऱ्यानं खाली खड्ड्यात उभं राहून ती ओली वीट झेलून बाजूला फेकायची. एकट्याचं हे काम नाही. रॉडी गेल्यापासून सव्वीस वर्षं टॉर्किल वर आणि मी खाली. बोलणं फारसं नाही. तो कापतो, मी झेलते, अकरा वाजता थर्मासमधला चहा.

या वर्षी आम्ही पीट कापलं नाही. दोष माझा आहे. मी हे शाईने लिहीत आहे.

एप्रिलमधल्या पहिल्याच सभेत टॉर्किल उठला. तो 'नको'वाला आहे, लपवून ठेवत नाही. त्यानं टोपी हातात घेऊन शांतपणे विचारलं, "स्वतंत्र झाल्यावर माझी पेन्शन कोणत्या चलनात येणार? पौंड राहणार की जाणार? कुणी खात्रीनं सांगू शकतं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न वाजवी होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माझी जीभ फार चालते. मी उठून म्हणाले, "याचं काय ऐकता! हा जन्मापासूनच 'नको'वाला! एकसष्ट साली इशबेल कॅनडाला निघाली, धक्क्यावर सगळ्यांदेखत याला म्हणाली, 'चल माझ्याबरोबर.' तेव्हाही हा नकोच म्हणाला!"

हॉल खदखदून हसला. मीही हसले. टॉर्किलनं टोपी घातली, आपली खुर्ची मिटली, भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि निघून गेला.

ज्या मुलीवर त्याचा जीव होता त्या इशबेलला तो नको का म्हणाला ते त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. आई अंथरुणाला खिळलेली होती. तिची मुलगी, म्हणजे मी, ग्लासगोत बसवर तिकिटं फाडत होते आणि शनिवारी नाचायला जात होते. टॉर्किलनं मला पत्र पाठवून विचारलं होतं, एक वर्षासाठी येशील का. मी उत्तरात हवामान लिहिलं. आईला त्यानं सात वर्षं उचललं, निजवलं, भरवलं. मी आले ती आई गेल्यावर, एक रेडिओ घेऊन.

हे मी हॉलमध्ये सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी हशा मिळवला. लाज वाटते मला.

मे महिन्यात तो आला नाही. मलाही तोरा. म्हटलं, एकटी कापते. वर चढून एक वीट कापायची, खाली उतरून फेकायची, पुन्हा वर. अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी छातीत असं काही धरलं की मी त्या खड्ड्यात बसूनच राहिले. झडपेचं कळलं ते असं. पातं त्या दिवसापासून शेडमध्ये आहे. ते त्याच्याकडे जावे, सोबत ही माफी जावी.

कलम ६. स्कॉटलंडचा मोठा झेंडा, निळ्यावर पांढरी फुली, हॉलमध्ये लावावा. निकाल काहीही लागो. आणि तो धुतल्यास वार बघून वाळत घालावा.

हे का, ते गावाला माहीत आहे, पण कागदावर असू दे. गेल्या शनिवारी बेटावरच्या स्टॉर्नोवे शहरातल्या सभेत एका समुद्रपक्ष्यानं त्या झेंड्यावर आपलं मत नोंदवलं. घरी येऊन मी तो धुतला आणि दोरीवर घातला, शेजारी माझ्या लोकरीच्या दोन लांब चड्ड्या. मग पत्रकं वाटायला बायका आल्या, चहा झाला, ओरडाआरडा झाला, कुणीतरी म्हणालं नव्या मतचाचणीत आपण फक्त एका टक्क्यानं मागे आहोत, आणि मी दोरी साफ विसरले.

रविवारी सकाळी पडदा सारला आणि समोर दोरी दिसली. शब्बाथ, देवानं सांगितलेला विश्रांतीचा दिवस! आमच्या गावात रविवारी कुणी कपडे वाळत घालत नाही, आणि घातलेले काढतही नाही, कारण काढणं हेही कामच. माझं घर चर्चच्या रस्त्यावर. अख्खं गाव काळ्या कपड्यांत समोरून जाणार, आणि माझ्या अंगणात स्कॉटलंड फडफडतंय, चड्ड्यांसकट! मी पडद्यामागे उभी. 'नको'वाले माना हलवत गेले. 'हो'वाले तर जास्तच चिडलेले. पेगी फाटकातून फिसकारली, "हेक्टरिना, बये, तीस मतं घालवलीस एका दोरीवर!" वारा वाढत होता. झेंड्याचा एक कोपरा सुटून काटेरी तारेवर आपटायला लागला होता.

मग टॉर्किल आला. तो चर्चचा पंच आहे, काळी हॅट, काखेत बायबल. तो रस्त्यात थांबला. बायबल पेगीच्या हातात दिलं. एप्रिलपासून त्यानं न उघडलेलं माझं फाटक उघडलं आणि सगळ्या गावासमोर एकेक चिमटा काढून खिशात टाकला. झेंडा चार घड्या घालून, चड्ड्या आत लपवून, माझ्या पायरीवर ठेवला, वर दगड ठेवला. मी दाराआड उभी होते. तो दाराला उद्देशून एवढंच म्हणाला, "वारा सुटलाय," आणि चर्चला गेला.

सोमवारी पंचमंडळाने त्याला बोलावलं. शब्बाथला दोनच कामांना सूट असते, गरजेच्या आणि दयेच्या. त्यांनी विचारलं, "यातलं हे कोणतं?" टॉर्किल म्हणाला, "बहिणीचं." त्याला तसाच घरी सोडला म्हणतात.

कलम ७. शवपेटी आमच्याकडे पुरुषच खांद्यावर घेतात आणि बायका घरी राहतात. माझ्या बाबतीत बायकांनीही खांदा द्यावा. एका बाजूला 'हो'वाले आणि दुसऱ्या बाजूला 'नको'वाले, सारख्या संख्येने, म्हणजे पेटी कलणार नाही. वाटेत वाद घालायला माझी हरकत नाही. मर्डिनाने मधे चालावे.

येथवर लिहून झाले आणि पेगी सहीला येऊन बसली, तोच दारावर थाप पडली. पुढे घडले ते तिच्या समक्ष घडले असून मृत्युपत्रात बदल त्यामुळेच करावा लागत आहे.

टॉर्किल दारात उभा. हातात कपड्यांचे चिमटे. "हे खिशात राहिले होते," म्हणाला. मग म्हणाला, "उद्या मतदानाला कशी जाणार तू?"

"चालत."

"त्या झडपेवर? शाळा दोन मैलांवर आहे." त्यानं टोपी काढली. "माझ्या गाडीतून चल. तसं बघितलं तर तुझं मत माझं मत खाणार, माझं तुझं खाणार. दोघंही घरी बसलो तरी हिशेब तोच. डिझेल वाचेल."

"खबरदार!" मी टेबलावर हात आपटला. "इंग्लंडशी जोडल्याला तीनशे सात वर्षं झाली, आत्ता कुठे आपल्याला विचारतायत, आणि तू डिझेल वाचवतोस?"

तो हसला. साडेपाच महिन्यांनी हसला. "तेच बघत होतो, जीभ शाबूत आहे का."

मग मी म्हणून टाकलं. "टॉर्किल, हॉलमध्ये मी बोलले ते वाईट बोलले. चुकले मी."

"खोटं नव्हतं. नकोच म्हणालो होतो मी."

"का म्हणालास ते मी सांगितलं नाही."

"हं," तो म्हणाला. "ते सांगायला हवं होतंस."

मी कलम पाच त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं चष्मा लावला. वाचायला फार वेळ घेतला. अक्षर हललंय म्हणून वेळ लागला, असं त्याचं म्हणणं. पेगीनं तेवढ्यात तिघांचा चहा ओतला.

"झेंडा कशाला काढलास रे?" मी विचारलं. "तुझ्याच लोकांनी खाल्लं असतं तुला."

"तो झेंडा काय तुझ्या एकटीचा आहे? माझाही आहे. तारेवर फाटला असता." कागद खाली ठेवून तो म्हणाला, "पण हे पातं मला नको."

"बघ पेगी! पुन्हा नको!"

"ऐकून तरी घे, हेक्टी. मेलेल्या बहिणीकडून नको म्हणतोय. आत्ता दे. आणि दुसरा साक्षीदार मला कर, म्हणजे तू मेल्यावर मला काही देऊच शकणार नाहीस."

सबब, कलम ५ मधील पाते आज माझ्या हाताने, मी जिवंत असताना, टॉर्किलला दिले आहे आणि तेवढी वस्तू या मृत्युपत्रातून वगळली आहे. त्या कलमातला बाकीचा मजकूर खरा आहे. तो तसाच राहू द्यावा, आणि निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या गावसभेत पेगीने मोठ्याने वाचून दाखवावा. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

उद्या सकाळी सातला शाळेचं दार उघडतं. टॉर्किल पावणेसातला गाडी घेऊन येणार आहे. निळा कोट काढून ठेवला आहे. मला काही आज झोप येत नाही!

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझाच आहे, आणि प्रत्येक पानावर सही केली आहे.

सही: हेक्टरिना मॅकआयव्हर
ठिकाण: ब्रेनाबोस्ट, लुइस. दिनांक १७ सप्टेंबर २०१४.

साक्षीदार पहिली: पेगी मॉरिसन, घर क्रमांक तेरा. माझ्यासमोर सही झाली. तसराळी आजच घरी नेत आहे.

साक्षीदार दुसरा: टॉर्किल मॅकॉले, घर क्रमांक पंधरा. सही पाहिली. मताशी सहमत नाही. पाते मिळाले. मे महिन्यात मी वर उभा राहीन, खाली झेलायला बहीण पाहिजे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी याची नोंद घ्यावी.