बाहेरचं

मीरा रोड,
३ जून २०२५

ती. ताईस,
स. जय भीम वि. वि.

फोनवर मी तिसऱ्या वाक्याला ओरडतो म्हणून पत्रच लिही, असं तू म्हणालीस. म्हणून काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, पार्सलच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. बी.ए. अर्धवट सोडलेल्याचं अक्षर असंच असतं.

बातमी रश्मीची आहे, म्हणजे तू जिला 'ती बेव्हर्ली पार्कवाली' म्हणतेस तिची. तिला पुढं मेडिकल अँथ्रोपॉलॉजी शिकायचंय. पप्पांनी विचारलं, डॉक्टरीण होणार का. नाही म्हटलं. माणसं आजाराला काय नाव देतात, कुणाला सांगतात, कुणापासून लपवतात, डॉक्टरला त्यातलं किती कळतं, हे शिकायचं. पप्पा म्हणाले, त्याला कॉलेज कशाला, आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलं तरी पुरे.

तीन ठिकाणी नाव लागलंय. पुण्याला मानववंशशास्त्राचं एम.ए., त्यात हा विषय एका सत्रापुरता. दिल्लीला सार्वजनिक आरोग्य, तिथं आकडेच जास्त. आणि स्कॉटलंडला निव्वळ हाच विषय, एक वर्ष, वर शिष्यवृत्ती. तीस तारखेच्या आत कळवायचंय. तिन्ही कागद तिनं माझ्या हातात दिले आणि म्हणाली, तू निवड, मला सगळ्यांचंच पटतं आणि तुला कुणाचंच पटत नाही.

तिला काय माहीत मी कशावरून निवडणार. पुण्याहून शनिवारी घरी येता येतं, एवढंच मला दिसतंय. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून चार वर्षं झाली, मी तिला काही बोललेलो नाही. आता बोललो तर अडवल्यासारखं होईल, नाही बोललो तर गेलीच समज.

एक राहिलं. तिन्हीकडे तिनं जो निबंध पाठवला तो आपल्या आईवर आहे. आई डॉक्टरला म्हणाली, बाहेरचं आहे. म्हणजे काहीतरी लागलंय, झपाटलंय. त्या हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरनं ऐकलं, बाहेरचं खाणं. पोटाच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी आई हार्ट अटॅकनं गेली. मीच सांगितलं होतं रश्मीला. वाचताना वाटलं, आईचं कुणीतरी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं.

पप्पा बरे आहेत. माया आहे तेवढी तरी राहू दे.
तुझा,
संघर्ष

*

जिंतूर,
९ जून २०२५

चि. संघर्ष यास,
अ. आ. व जय भीम.

पत्र पावलं. अक्षर बरं आहे, डोकं तसंच आहे. इथं आरोग्य केंद्रात लसीकरणाचा आठवडा चालू आहे. पोरं रडतात, आया रडतात, आणि नर्सबाई निर्दयी म्हणून माझी ख्याती वाढते. तुझे दाजी म्हणतात, संघर्षनं पत्र लिहिलं म्हणजे एक तर ताप आलाय नाहीतर प्रेम झालंय.

हे बघ, गाव बघून कॉलेज निवडत नसतात. शिकवणारं माणूस कोण, ते स्वतः कशावर काम करतं, फिरून माणसांशी बोलायला किती महिने देतात, आपल्या भाषेत ऐकलेलं तिथं कोण समजून घेणार, हे तिला विचार. आणि स्वतःची सोय तिच्या गळ्यात सल्ला म्हणून बांधू नकोस. मनातलं बोलायचं तर सरळ बोल.

आणखी एक. तिला सांग, त्या निबंधातून आईला काढ. कारण विचारू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते मागायला लागत नाहीत.
तुझी ताई,
संघप्रिया

*

मीरा रोड,
१६ जून २०२५

ती. ताईस,
स. जय भीम वि. वि.

का काढायचं? सगळ्या घरानं आईला अल्बममध्ये घालून ठेवलंय, एक मुलगी तिच्याबद्दल लिहिते तर ते पण नको? त्या दवाखान्याची काच मी फोडली. पप्पा चौकीत हात जोडून उभे राहिले. माझी परीक्षा बुडाली, कॉलेज सुटलं. त्याबद्दल मी कधी रडलोय का? चूक कुणाची होती हे मला पक्कं माहीत आहे, माझ्याकडे आईचं तेवढंच उरलंय. ते काढून काय ठेवू, सांग.

बाकी बातमी चांगली. रविवारी रश्मी आणि मी मुर्ध्याच्या खाडीकडे चक्कर मारली. तुझेच प्रश्न तिला विचारले, फक्त उत्तरं माझी घातली. म्हटलं, स्कॉटलंडात बाहेरचं म्हणजे काय हे समजवण्यातच तुझं वर्ष जाईल. पुण्यात निदान शब्द तरी समजावावा लागणार नाही. ती म्हणाली, पटतंय, पंचवीसला पुण्याला हो कळवते. मला इतका आनंद झाला की मी तिच्यावरच चिडलो, एवढ्या पटकन कुणाचं ऐकतात का म्हणून. ती म्हणाली, तुझ्याशी सहमत होणं पण भांडणच आहे.

मनातलं पुण्याच्या पहिल्या शनिवारी बोलेन. घाई नाही.

रागावून लिहिलंय, पण लोभ काढून घेऊ नकोस.
संघर्ष

*

जिंतूर,
२० जून २०२५

चि. संघर्ष यास,
अ. आ.

कारण विचारू नको म्हटलं होतं, पण विचारलंस ते बरंच केलंस. आता ओरडायचं तर ओरड, इथवर ऐकू येणार नाही.

त्या दिवशी आत आईबरोबर मी होते. आई डॉक्टरशी एक अक्षर बोलली नाही, तिला हिंदी कुठं येत होतं. ती माझ्या कानात बोलली. म्हणाली, दिवेलागणीला छातीवर कुणीतरी येऊन बसतं, अंग गार पडतं, मळमळतं. हे बाहेरचं आहे, पण तुझ्या पप्पांना सांगू नको. पप्पा विहाराचे सचिव, दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलणारे. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आपल्या घरातली बाई भूत लागलं म्हणते हे त्या परक्या माणसासमोर उच्चारायची मला लाज वाटली. त्यानं विचारलं, क्या हुआ. मी म्हटलं, बाहर का कुछ खाया है, उल्टी जैसा होता है. छातीचं वाक्य मी गाळलं. भूत वगळायला गेले, त्याबरोबर छातीही वगळली गेली. आणि मी नर्स होणार होते, संघर्ष.

आई गेल्यावर सगळे विचारायला लागले, तेव्हा तोंडातून निघून गेलं की डॉक्टरला आईचा शब्द कळला नाही. तू तेवढं ऐकून उठलास आणि काच फोडून आलास. तेव्हा बोलले असते तर तुझं कॉलेज वाचलं असतं. मी गप्प राहिले. दोन महिन्यांनी लग्न करून इकडे आले आणि तुला वर्षभर फोनवर शिव्या घातल्या, की परीक्षा का देत नाहीस.

आता एका परक्या पोरीचं शिक्षण माझ्या खोट्यावर उभं राहतंय. तिला खरं सांग, हवं तर हे पत्रच दाखव. मग तिला जिथं जायचं तिथं जाऊ दे.

वर सवयीनं लिहून गेले, पण शेवटी आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.
संघप्रिया

*

मीरा रोड,
४ जुलै २०२५

ताई,

मायना विसरलो नाही. दोनदा लिहिला, दोनदा खोडला.

तुझं पत्र चोवीसला आलं. आधी त्या दवाखान्यात गेलो. काच नवी आहे, डॉक्टर तोच. माफी मागायची की काय करायचं, काही ठरवलं नव्हतं. कंपाउंडरनं मला ओळखलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी तिथूनच परत फिरलो.

मग रश्मीला पत्र दिलं. खरं सांगतो, मनात काय होतं. वाटलं, निबंधच खोटा निघाला म्हणजे ती सगळीकडून नाव काढून घेईल, कुठंच जाणार नाही. तिनं दोनदा वाचलं. पहिलं विचारलं, तुझी ताई कशी आहे, एवढे दिवस हे कुणाजवळ बोलली होती का. मी कसा आहे ते तिनं विचारलं नाही.

पुणं तिनं त्याच दिवशी रद्द केलं. स्कॉटलंडला एक बाई शिकवतात, त्यांचा सगळा अभ्यास एवढाच, की पेशंटच्या वतीनं घरचं माणूस बोलतं तेव्हा काय गाळतं. रश्मीनं त्यांना कळवलं की निबंधात चूक आहे, खरं असं असं आहे. तुझं नाव घातलं नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, ये म्हणून. सप्टेंबरमध्ये जाणार.

मग मी बोललो. चार वर्षांचं सगळं एका दमात, तेही ओरडून, तिच्या बिल्डिंगच्या गेटवर, पिंटू वॉचमनच्या देखत. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, तुझ्या हातात कागद दिले त्या दिवशी हे सांगितलं असतंस तर निवडताना हेही धरलं असतं. तुला विचारलं होतं ते याचसाठी. आता निवडून झालंय.

चार दिवस कामावर गेलो नाही. डॉक्टरवर राग होता तोवर सकाळी उठायला काहीतरी होतं. तुझ्यावर चिडायला बसतो, तर तुझ्या कानाशी वाकलेली आई दिसते आणि पुढं काही सुचत नाही. पप्पांना काही कळलेलं नाही. ते तुझ्याच तोंडानं सांग. मी तुझ्या वतीनं एक शब्द बोलणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझा असू दे. माझं आज काही सांगता येत नाही.

संघर्ष