दादाची गुठळी आणि माझं हेपरिन

३ मार्च, सोमवार
तिप्पट! सलग सातव्यांदा तिप्पट.

गुठळी विरघळवणारं एन्झाइम आपल्या रक्तात असतंच, पण झोपलेलं. त्याला जागं करणारं दुसरं असतं. दोन्ही नळीत घातली, वर हेपरिनचा थेंब — आणि पिवळा रंग तिप्पट वेगानं चढला. जितका रंग, तितकं काम. हातच्या काकणाला आरसा कशाला?

सरांना मात्र आरसा हवाच. "हेपरिन नवी गुठळी होऊ देत नाही, असलेली वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर आपलं आपण करतं." मी म्हटलं, सर, आता पुस्तक बदलावं लागेल. ते चष्मा पुसत राहिले. चार वर्षं या प्रबंधात घातलीत मी, एवढा तोरा मला चालतो.

६ मार्च
दादा दवाखान्यात. डावी पोटरी टम्म सुजलेली, आणि हा चार दिवस "लचकलाय जरा" म्हणत लांब पल्ल्याची बस चालवत होता. सोनोग्राफीत मांडीपर्यंत गुठळी. सुटून फुप्फुसात गेली असती तर खेळ खलास, असं डॉक्टर म्हणाले. मग नर्सनं इंजेक्शन आणलं, मी लेबल वाचलं — हेपरिन. जिवात जीव आला.

वहिनी म्हणाली, "हे तुझंच औषध ना गं?"

"माझंच समज."

दादा म्हणाला, "म्हणजे आता माझ्या पायात हिचा प्रयोग. नापास झाली तर लंगडा मी."

८ मार्च
सूज उतरतेय. म्हटलंच होतं मी.

११ मार्च
दादा घरी आला. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, तीन महिने. त्याचं तोंड वाकडं. मग मी त्याला वहीत चित्र काढून दाखवलं — हेपरिन आलं, एन्झाइमला जोर चढला, गुठळी साफ. "म्हणजे पायात आता काही नाही?" "काय उरणार?" मी म्हटलं. वहिनी इतक्या कौतुकानं बघत होती की मी आणखी एक चित्र काढलं.

१४ मार्च
डोकं फिरलंय. आज हेपरिन घातलेली नळी आणि न घातलेली नळी — दोन्ही सारख्याच पिवळ्या! द्रावणाची बाटली नवी होती, प्रयोगशाळेतल्या मावशींनी बनवलेली. मी सगळ्यांसमोर त्यांना झाडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, भिंतीवरच्या कागदात आहे तसंच केलं. मीठसुद्धा रक्तात असतं तेवढंच घातलं."

मीठ?

१५ मार्च
वर्षापूर्वी मिठामुळे रंग सावकाश चढतो म्हणून मीच ते गाळलं होतं. सोयीसाठी. आणि विसरले.

आज दोन्ही द्रावणं स्वतः बनवली, पाच वेळा केलं. मिठाशिवाय तिप्पट. रक्ताइतकं मीठ घातलं की हेपरिनचा सगळा जोर गायब. माझं हेपरिन फक्त अळणी पाण्यात शूर! माणसाच्या अंगात तसलं पाणी कुठे असतं?

मावशींची माफी मागितली. "होतं ताई," म्हणाल्या, आणि बाटल्या धुवायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर हसले नाहीत. "तुम्हालाच सापडलं हे बरं झालं," एवढंच.

रात्री जेवताना मात्र सुचलं — मीठ नेमकं आडवं कसं येतं? हाच तर प्रबंध! पडले तरी नाक वर, असं आई म्हणाली असती. म्हणू दे. सोमवारपासून नवं प्रकरण.

१८ मार्च
दादाला गंमत सांगायला फोन केला. वहिनीनं उचलला. तो सुट्टी मोडून पहाटेच बस घेऊन गेला, बारा तासांची फेरी. गोळ्या नेल्यात ना, विचारलं. "त्या बारा तारखेपासूनच बंद आहेत. विरघळली असं तूच तर म्हणालीस."

त्याच्या मोबाइलवर नऊ वेळा फोन लावला. गाडी चालवताना तो कधीच उचलत नाही.