चक्कीचा पट्टा

बाबा, कूलरच्या डाव्या पायाखाली दुमडून ठेवलेला चक्कीच्या पट्ट्याचा तुकडा मी मागच्या महिन्यात काढून घेतला. आईने तिथे वर्तमानपत्राची घडी सरकवली, तरी कूलर हलतोच. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते, म्हणून पुढचं सांगते. मी फॉरेन्सिक सायन्सची पदवी घेतली आणि आता विद्यापीठात मानवी हक्कांचा अभ्यासक्रम करते आहे. त्यात वर्गापेक्षा वस्तीत जास्त बसावं लागतं. आमच्या गटाच्या वाट्याला कामठी रस्त्यापलीकडचा पारध्यांचा बेडा आला. वस्तीसाठीचा हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला होता. बेड्यावर रेड आहे, डबा देऊ नको, असं तुम्ही आईला सांगायचात.

तो पट्टा तुम्ही आणलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. जरीपटका भागातल्या चक्कीवाल्याने नवा पट्टा चढवला होता, जुना तुम्ही मागून घेतला होता. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही खाली बसला आहात, सुरी गॅसवर तापवून रबर कापता आहात, आई सुरीसाठी कुरकुरते आहे. कॅनव्हासच्या थरांतून पीठ झडतं आहे. जळक्या रबराचा आणि पिठाचा एकच वास झाला आहे. "धर वं घट्ट," तुम्ही म्हणता, आणि मी दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढून धरते. कशाला, असं मी विचारलं. साहेबांच्या टेबलाखाली लावायला, असं तुम्ही सांगितलंत. एक तुकडा कागदात गुंडाळून ठाण्यात गेला, उरलेला कूलरखाली. काम झाल्यावर तुम्ही मला शाब्बास म्हणालात.

बेड्यावर आमच्या मॅडमचा एकच नियम होता. ज्याचं घर आहे तो स्वतः 'लिही' म्हणेपर्यंत पेन उघडायचं नाही. आम्ही ज्या झोपडीत बसायचो तिथली बाई इतवारीच्या बाजारात लिंबू-मिरच्या विकते. तिच्या मुलाला तीन महिन्यांपूर्वी मोबाइल चोरल्याच्या संशयावरून ठाण्यात नेलं होतं. सुटून आला तेव्हा तो रांगत घरात शिरला. वैद्यकीय अहवालात अंगावर जखम नाही असं लिहिलेलं आहे. मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार होती, पण त्याचा स्वतःचा जबाब नसेल तर ती बंद होणार होती, आणि ती बंद झाली की त्याला पुन्हा उचलू, असं पोलीस जीपमधून सांगून गेले होते. मुलगा बोलत नव्हता. तिशीही न गाठलेला माणूस, भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसायचा.

बोलण्याआधी ती बाई प्रत्येकाला वडील काय करतात ते विचारायची. एकाने बँकेत आहेत म्हटल्यावर, मंग तू कर्ज द्याले आला का, म्हणून ती हसली. मी म्हटलं, सरकारी नोकरीत होते, वारले. "सरकार तं लय मोठं आहे, वं," ती म्हणाली आणि पुढच्याकडे वळली. थोड्या वेळाने ती मुलाकडे न बघता सांगत होती की हा आता दळण घेऊन जात नाही, पिठाचा वास आला की ओकतो. माझ्या गटातल्या कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला परतीच्या ऑटोत, दोन माणसांमध्ये दाबून बसलेली असताना, आपलं स्वयंपाकघर दिसलं.

त्याच्या चुलतभावाच्या मोबाइलमध्ये मांडीचा एक फोटो होता. दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट कातडी. सपाट, लवचिक वस्तू जोरात बसली की रक्त कडांना सरकतं आणि अशी खूण उमटते. रुंदी जुळते का ते बघायचं होतं, म्हणून मी तुकडा घेऊन गेले. हे कारण खरं होतं, पुरतं नव्हतं. मॅडमना मी विचारलं नाही. चटईवर कागद उलगडला आणि मुलाने दोन्ही पाय झटक्यात मांडीखाली ओढून घेतले. त्याची पँट ओली झाली.

"हा तुह्याकडं कसा?" बाईने विचारलं.

माझ्या वडिलांचा आहे, ते पोलिसात होते, असं मी सांगितलं. तिने पट्टा उचलला, नाकाशी नेला आणि माझ्या हातावर मारला. कोपराखाली, पूर्ण ताकदीने. बोटं आपोआप उघडली. ती पुन्हा मारत होती आणि मी हात मागे घेतला नाही. बरोबरचे दोघे उठले, त्यांना मी बसायला सांगितलं. तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्यामुळे आधी आवाज येतो आणि दुखणं मागून येतं, हे मला तोवर फक्त पुस्तकातून माहीत होतं.

तेव्हा मुलगा बोलला. "माय, तसा नाही धरत. दोन हातानं धरते."

बाई थांबली. पट्टा तिच्या हातातून पडला. माझ्या हातावर उठणाऱ्या दोन रेघांकडे बघत ती म्हणाली, "आता लिही."

मुलगा सांगत गेला, मी लिहिलं. पाय दांडक्याला बांधले होते, एक जण मांड्यांवर बसला होता, तोंडात मोजा कोंबला होता. तळव्यांवर मारून झालं की सूज उतरावी म्हणून ओल्या फरशीवर उड्या मारायला लावायचे. उडी चुकली की पुन्हा बांधायचे. अंगठ्याचं नख उडीतच निघालं. मारणारा हवालदार वयस्क होता, दमायचा. मधे बसून त्याने घरी फोन लावला आणि पोरीला विचारलं, जेवली का वं. उत्तर ऐकून बरं म्हणाला, फोन खिशात ठेवला आणि उठला. हे वाक्य त्याने सांगितलं तसंच मी उतरवलं. शेवटी जबाब घेणाऱ्याचं पूर्ण नाव लागतं. माझ्या नावात मधे तुमचं नाव येतं, तिथे मी एरवी एकच अक्षर लिहिते. या वेळी पूर्ण लिहिलं. तक्रार अजून चालू आहे. मॅडम माझ्यावर संतापल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. एखाद्या माणसासमोर असली वस्तू न विचारता ठेवायची नसते.

हा कागद मी त्या फाइलला जोडणार नाही, आईलाही दाखवणार नाही. तुम्ही रेडला गेलात की क्वार्टरमधला फोन वाजायचा आणि मी धावत जाऊन उचलायचे. तुम्ही तेच विचारायचात, त्याच शब्दांत. पुष्कळदा मी जेवलेली नसायचे, तुमच्यासाठी थांबलेली असायचे. तरी मी हो म्हणायचे, म्हणजे तुम्ही निश्चिंत मनाने कामाला लागाल.