ठसका लागल्यास वर न बघण्याबाबत

दारव्हा,
नवरात्राची पाचवी माळ

ती. सौ. रजनीताईस,

धाकट्या कमलाकरचा दोन्ही (थरथरते) हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? मुकुटबनला कापूस वेचायला आला का? अक्षर मुंगीएवढं झालंय, चष्मा लावून वाच. (बत्तीस वर्षं तहसिलीत या अक्षराची तारीफ व्हायची. दृष्ट लागली.)

गेल्या भाऊबीजेला तुझ्याकडे गोळाभाताचा घास अडकला, मी काळानिळा पडलो आणि तू ताट सारून रडलीस. तेव्हापासून जेवायला ये म्हणत नाहीस, म्हणून हे सविस्तर कळवतो.

या पार्किन्सनमुळे माझा मेंदू गिळायचं विसरायला लागलाय. नागपूरचे डॉक्टर डोक्याशी चुंबकाचं यंत्र धरून त्याला जागं करू पाहतात. नुसती टकटक होते. (गुण येईलच असं नाही, अजून अभ्यास चालू आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं. इतका खरं बोलणारा माणूस तहसिलीत टिकला नसता.) मग आभा नावाची मुलगी गिळायचे व्यायाम घेते. हनुवटी छातीकडे आणि मग गिळायचं. तिसऱ्या दिवशी तिने घट्ट केलेलं पाणी चमच्याने दिलं आणि मला ठसका लागला. झालं! तुझी भावजय अनघा दारातून "वर बघा, वर बघा!" करत धावली आणि टाळूवर थापट्या मारू लागली. चाळीस वर्षांच्या सवयीने मी वर बघितलं. आभा ओरडतेय खाली, बायको ओरडतेय वर. बाकावर भावसिंग होते (बोरी अरबजवळच्या तांड्यातले, माझ्याच दुखण्याचे). ते म्हणाले, "कायले भांडून राह्यल्या बाई? बुढ्याले मधात पाहू द्या!"

ठसका थांबल्यावर मान खाली घालून दुसरा चमचा घेतला. तो नीट गेला. अनघा पदराने डोळे पुसत बसली. वर बघितलं की घास श्वासाच्या वाटेला जायची भीती, असं आभा म्हणते. ताई, त्या दिवशी तूही वर बघ म्हणालीस, आपली आईही म्हणायची. यात कुणाचंच चुकलं नाही. आता मी वाटीभर गोळाभात खातो. काळजी नसावी.

तुझा,
कमलाकर

ता. क. वाटीभर नाही. मऊ भाताचे चार घास. (पत्र अनघा वाचणार आहे, म्हणून खरं लिहिलं.)

आणखी ता. क. भाऊबीजेला येतोय. ओवाळून झालं की तुझ्या हातचा एक घास दे, चांगला घोटलेला. नाही गेला तरी तू रडायचं नाही. वर बघ म्हणू नकोस, पण टाळूवर हात ठेव. चुंबकाला ते जमत नाही.