उज्जाचा हात

हाआपाई, ता. २४ जून १९७४

चि. पाउलियासीस ताईचा आशीर्वाद व सलाम. वि. वि.

कोनफळं काढून झाली. दोन मोठी बोटीने पाठवली आहेत. तू पाळक, घरी पाहुणे फार. त्यांना वाढू नकोस, स्वतः खा.

उपदेशकांच्या नव्या पत्रकात १४ जुलैला माझं नाव आलंय आणि वचन नेमलंय उज्जाचं. बैल अडखळले, गाडीवरचा देवाचा कोश, ती कराराची पेटी, कलंडू लागला, उज्जाने हात लावून सावरला आणि देवाने त्याला जागीच मारलं. तुझे भावोजी केलेपी जाऊन दोन वर्षं झाली. रविवारी वाऱ्याने चर्चचा पत्रा उचलला म्हणून दोर घेऊन वर चढले आणि पडले. रविवारी काम केलं म्हणून देवाने शिक्षा केली, असं चर्चचा कारभारी सिओसाइआ तेव्हापासून सांगत फिरतो. पत्रा अजून तसाच खडखडतो. हात लावायला कोणी धजत नाही.

आता उज्जावर मी काय बोलू? चालता चालता वाचते, वाचता वाचता उठून चालते. एका जागी बसवत नाही.

तुझी माया राहू दे.
इलाइसाने

वावाउ, ता. १ जुलै १९७४

ती. ताईस पाउलियासीचा सा. न. व सलाम. वि. वि.

कोनफळं पोचली. एक पाहुण्यांनी खाल्लंच, रागावू नकोस.

हे कर, ते करू नको, असं भावाने बहिणीला सांगायचं नसतं, म्हणून मी काहीच सांगत नाही. तुझी भावजय सांगतेय, मी फक्त लिहून घेतोय. तिचं म्हणणं, ताईंनी सरळ एखादं स्तोत्र घ्यावं. उज्जा सोडवतच नसेल, तर कोश खांद्यावरून न्यायचा असताना गाडीवर घातला, नियम मोडला, हे पंडितांचं मत सांगून खाली उतरावं. सिओसाइआ म्हणतो म्हणे, बाई वाकडं बोलली की मी गीत सुरू करीन. एकाने सुरू केलं की सगळे उचलतात, मग उपदेशकाने बसायचं असतं, हे तुला ठाऊक आहे. पत्रकातून नाव कायमचं जाईल. उपदेश सोडला तर तुला उरतं काय, या काळजीने भावजय झोपत नाही. मीही.

कृपा असावी.
तुझा पाउलियासी

हाआपाई, ता. ६ जुलै १९७४

चि. पाउलियासीस आशीर्वाद. वि. वि.

तुझी बायको कधीपासून पंडितांची मतं सांगायला लागली रे? तिला म्हणावं, नवऱ्याला नीट झोपव.

नियम मोडला, एवढंच सांगून खाली उतरले, तर सिओसाइआचंच खरं ठरतं. मी शाळेत गेले थोडकी वर्षं; पुढचं वाचन भावोजींच्या बायबलवर, शब्दाला शब्द लावत. म्हणून सावकाश वाचते. उज्जाची चूक झाली असं लिहिलंय, तो वाईट होता असं नाही. दावीदाला राग आला, असंही लिहिलंय, आणि तो राग कोणी खोडला नाही. जे मला ठाऊक नाही, ते ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही.

प्रार्थना कर.
तुझी ताई

हाआपाई, ता. १६ जुलै १९७४

चि. पाउलियासीस व भावजयीस सलाम. वि. वि.

उपदेश झाला. वचन पूर्ण वाचलं, काही गाळलं नाही. म्हटलं, पडणाऱ्या वस्तूकडे हात आपोआप जातो. उज्जाचा गेला, माझ्या नवऱ्याचाही गेला. देवाने का मारलं ते मला कळत नाही, रोज विचारते. दावीद रागावला, घाबरला, कोश घरी न्यायला तयार होईना. मीही इथे येऊन बसते ती रागावूनच बसते.

एरवी आपली माणसं मालिए, मालिए, वा वा म्हणत उपदेशकाला उचलून धरतात. परवा एक मालिए नाही. वर पत्रा तेवढा खडखडत होता. सिओसाइआ उठला आणि गीत सुरू केलं. पहिली ओळ एकटाच गायला. दुसरीही. कोणी उचललं नाही रे. तिसरी न गाताच तो खाली बसला. मी आमेन म्हटलं.

काल सकाळी तो दारात. म्हणाला, बाई, केलेपीची शिडी आहे का? मी म्हटलं, गुडघे बघ आपले, चढतोस कसला. तर म्हणतो, गुडघ्यांना विचारत बसलो तर पत्रा उडून जाईल, तू खाली धर म्हणजे झालं. भावोजींबद्दल अवाक्षर नाही. पत्रकात माझं नाव राहील का, तेही त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वर तो खिळे ठोकत होता, खाली मी उभी. शिडी जरा हलली की माझा हात आपोआप पुढे जात होता.

असाच जीव लाव.
तुझी ताई